घरात भाजीचं बी रुजवायला कोणतं मिश्रण? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी आणि लेट्यूस यांची रोपं मी गेले कित्येक महिने घरातच, दिव्याखाली, प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) तयार करते आहे. या काळात तयार पिशवीतलं पीटचं (दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं) मिश्रण, नुसतं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), चाळलेली माती आणि कंपोस्ट, आणि स्वतः कालवलेलं कोकोपीट-व्हर्मिक्युलाईट-पर्लाईट असं सगळं आलटूनपालटून वापरलं. आता शेवटच्यावर स्थिरावले आहे. प्रमाण मापाने तीन भाग कोकोपीट, एक भाग व्हर्मिक्युलाईट आणि एक भाग पर्लाईट. वजनाने मोजू नका, पर्लाईट इतकं हलकं असतं की सगळा हिशोब बिघडतो.

मिश्रण निवडताना बहुतेक जण पिशवीवर आधी 'पोषणयुक्त' हा शब्द शोधतात. माझ्या मते ती चुकीच्या जागी केलेली चौकशी आहे. बी उगवण्यासाठी लागणारं अन्न बियातच असतं, आणि पहिली खरी पानं (बीजदलांनंतरची) येईपर्यंत रोपाचं बरंचसं त्यावरच भागतं. उलट जास्त खत म्हणजे जास्त क्षार, आणि क्षार जास्त झाले की कोवळ्या मुळाला पाणी ओढून घेणं अवघड जातं. या काळात बियाला खरी गरज असते ती ओल, ऊब आणि हवा यांची. ओल आणि ऊब देणं आपल्या हातात असतं. हवा मात्र मिश्रणातच असावी लागते, ती नंतर घालता येत नाही. म्हणून माझी कसोटी एकच आहे: भरपूर पाणी घालून निथळू दिल्यावर या मिश्रणात वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही, राहतो का?

मोठ्या कुंडीत चालणारं मिश्रण प्रो-ट्रेच्या कप्प्यात फसतं, त्याचं कारणही हेच. कोणत्याही भांड्यात पाणी निथळून गेल्यावर तळाशी एक पूर्ण भिजलेला थर उरतो. त्याची उंची मिश्रणाच्या कणांवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. कण जितके बारीक तितका तो थर उंच. खोल कुंडीत त्याच्या वर मुळांना भरपूर जागा मिळते. चार-पाच सेंटिमीटरच्या कप्प्यात मात्र अर्धा कप्पा चिखलात जाऊ शकतो. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, निथळू द्या, मग उभा करा. त्यातून आणखी पाणी गळतं. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त उंची बदलली. कप्प्याच्या तळाला खडे घालून हा थर जात नाही, उलट तो खड्यांच्या वर चढून मुळांच्या आणखी जवळ येतो. उपाय एकच, मिश्रणच मोकळं करायचं. पर्लाईटचं काम तिथे आहे.

कोकोपीट माझ्या मिश्रणाचा पाया आहे, पण ते निवडताना सर्वात जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच असतं, आणि काही ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे त्यात आणखी भर पडते. म्हणून कोकोपीटच्या दाबलेल्या विटेवर 'लो ईसी' (ईसी म्हणजे क्षारांचं माप) किंवा 'धुतलेलं' असं लिहिलेलं आहे का ते बघावं. ०.५ mS/cm च्या आतली ईसी बियांसाठी चांगली. तसं काही लिहिलेलं नसेल तर वीट फुलवून दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि दर वेळी चांगली पिळून काढायची. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर पिळलेल्या पाण्याचा आकडा उतरत जाताना दिसतो. तो साध्या पाण्याच्या आकड्याजवळ आला की थांबायचं.

एवढं केल्यावरही एक गोष्ट उरते. साध्या धुण्याने मोकळे क्षार जातात, पण कणांना चिकटून बसलेलं सोडियम-पोटॅशियम तसंच राहतं. पुढे खत दिलं की कोकोपीट त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढतं आणि बदल्यात हे सोडतं. नुसत्या कोकोपीटमध्ये जास्त दिवस राहिलेल्या रोपांची नवी पानं आखडलेली दिसली, तर मला पहिला संशय याचाच येतो. व्यावसायिक रोपवाटिकांसाठी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून मग धुतात, त्याला 'बफर्ड' म्हणतात. मिरचीसारखी ट्रेमध्ये बराच काळ राहणारी रोपं करायची असतील, तर असंच कोकोपीट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. लेट्यूस आणि कोबी लवकर बाहेर पडतात, त्यांना धुतलेलं पुरतं.

पीटच्या तयार मिश्रणाबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. पीट मुळात बरंच आम्ल असतं, पण तयार मिश्रणात चुना घालून त्याचा पीएच बसवलेला असतो. उगवण एकसारखी झाली, रोपंही निरोगी आली. अडचण पाण्याची. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेतच नाही. पाणी कडेने निसटून खाली येतं आणि आपल्याला वाटतं की ट्रे भिजला. कोमट पाण्यात ट्रे खालून भिजत ठेवला तरच ते पुन्हा ओलं होतं. कोकोपीट वाळलं तरी पटकन पाणी पिऊन घेतं. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या माणसासाठी हा फरक छोटा नाही. शिवाय पीटची दलदल वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि तिच्यात कार्बन साठलेला असतो. मला ते वापरावंसं वाटत नाही, यात हेही कारण आहे.

पर्लाईट आणि व्हर्मिक्युलाईट एकमेकांच्या जागी वापरता येतात असं सर्रास सांगितलं जातं. तसं करू नका. पर्लाईट म्हणजे तापवून फुलवलेली ज्वालामुखी काच. ते हवा आणि निचरा देतं, पोषण जवळजवळ काही धरून ठेवत नाही. व्हर्मिक्युलाईट अभ्रकासारख्या खनिजापासून होतं. त्याच्या पदरांमध्ये पाणी राहतं आणि खतातली पोषकद्रव्यंही थोडी धरली जातात. ओलं असताना दाबलं तर त्याचे पदर मिटतात आणि हवा जाते, म्हणून कप्पे भरताना बोटांनी दाबू नये, ट्रे एकदा हलकेच आपटला की पुरे. बी झाकायला मी वरून बारीक व्हर्मिक्युलाईटच टाकते, त्यावर खपली धरत नाही आणि कोंब सहज वर येतो. लेट्यूसचं बी मात्र झाकत नाही, त्याला उगवायला उजेड हवा असतो. पर्लाईटची पिशवी पूर्ण उघडण्याआधी तिच्यात थोडं पाणी शिंपडा, ती पांढरी धूळ श्वासात जाऊ देऊ नका. आणि हो, वरून जोरात पाणी घातलं की पर्लाईट तरंगून वर येतं. मी खालूनच पाणी देते.

माती मी या कामासाठी बाद केली आहे. छोट्या कप्प्यात ती घट्ट बसते, त्यात तणाचं बी असतं आणि रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीही असतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या त्यातल्या नेहमीच्या. मातीच्या रेषेशी खोड पाणचट होऊन बारीक होतं आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं दिसतं. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेने १९३० च्या दशकात बियांसाठी जे मिश्रण बसवलं, त्यात दोन भाग माती, एक भाग पीट आणि एक भाग वाळू होती, पण ती माती वाफेने निर्जंतुक केलेली असायची. पुढे १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात मातीच काढून टाकून पीट, व्हर्मिक्युलाईट आणि पर्लाईटची मिश्रणं तयार झाली. आजची बहुतेक मिश्रणं त्याच वाटेने आलेली आहेत. निर्जंतुक मिश्रण घेतलं म्हणून रोपं कोलमडणारच नाहीत असं मात्र नाही. जुना ट्रे न धुता वापरला किंवा मिश्रण सतत चिंब ठेवलं तर बुरशी येतेच.

काही महिन्यांच्या वापरात कोकोपीटची एक खोड नीट लक्षात आली. त्याचा वरचा थर लवकर फिकट पडतो आणि खाली भरपूर ओल असते. रंग बघून पाणी देणारा माणूस ट्रे बुडवतो. ट्रे उचलून बघायचा. भिजलेल्या आणि पाणी मागणाऱ्या ट्रेच्या वजनातला फरक हाताला फार लवकर कळतो. वर हिरवं शेवाळ धरलं किंवा बारीक काळी चिलटं उडायला लागली, तर दोन्हींचा निरोप एकच, वरचा थर वाळू द्या. चिलटांच्या अळ्या ओल्या सेंद्रिय थरातच वाढतात आणि कोवळी मुळंही खातात. गांडूळखत घातलेल्या ट्रेमध्ये चिलटं जास्त दिसली. त्यामुळे आता ते फक्त मिरची-वांग्याच्या मिश्रणात, बारीक चाळून, एक दशांशापेक्षा कमी घालते.

बाकी रोपांना पहिली खरी पानं आली की विद्राव्य खत सुरू करते, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या भागाने. या मिश्रणात नत्र जवळजवळ नसतं, त्यामुळे हे टाळून चालत नाही. उशीर झाला की खालची पानं पिवळी पडून सांगतातच. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर खत वाढवण्याआधी ट्रे गार जागी तर नाही ना ते बघा, गारव्यात मुळांना स्फुरद नीट घेता येत नाही.

पुनर्लागवडीच्या वेळी या मिश्रणाचं खरं सुख कळतं. कप्प्याला खालून बोट लावलं की मुळांसकट गोळा अखंड बाहेर येतो, मुळं पांढरी असतात आणि गोळ्यात सगळीकडे पसरलेली असतात. नुसत्या कोकोपीटमध्ये ती बऱ्याचदा कडेकडेनेच फिरलेली दिसली. वापरलेलं मिश्रण मी पुन्हा बियांसाठी घेत नाही, मोठ्या कुंड्यांत कालवते. कालवलेलं कोरडं मिश्रण झाकणाच्या डब्यात चांगलं टिकतं. ओलं करून ठेवलं तर बुरशी धरते, म्हणून लागेल तेवढंच भिजवावं.