इमिक्विमॉड मलम : सोळा आठवडे लावल्यानंतर

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर तीन चामखिळी होत्या आणि चौथी तर्जनीच्या नखाला लागून होती. पहिल्या तिन्ही मी दोनदा विजेने जाळून घेतल्या, पण दोन्ही वेळा त्या तिथेच पुन्हा उगवल्या. आमच्या फोंड्याकडे यावर काजूबीच्या टरफलाचे तेल लावण्याचा जुना उपाय सांगतात. तोही मी केला, तर चामखीळ जागच्या जागी राहिली आणि भोवतालची चांगली कातडी तेवढी भाजली. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत त्वचारोगतज्ज्ञांनी 5 टक्के इमिक्विमॉडचे मलम लिहून दिले, तेव्हा मला फारशी आशा नव्हती.

चामखिळीचा विषाणू, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, आणि म्हणून शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा सहसा उशिराच लागतो. हे मलम विषाणूला स्वतः मारत नाही. ते त्वचेतील पेशींना चेतवते, त्या इंटरफेरॉनसारखी द्रव्ये सोडतात आणि पुढची लढाई शरीरच लढते. अमेरिकेत 1997 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती जननेंद्रियांच्या बाह्य भागावरील आणि गुदद्वाराभोवतीच्या चामखिळींसाठी; हातावर ते डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने देतात, ही गोष्ट मला आधीच स्पष्ट सांगण्यात आली होती.

आठवड्यातून तीन रात्री झोपताना लावायचे, सहा ते दहा तास ठेवायचे आणि सकाळी साबणाने धुवायचे. एका पुडीत 250 मिलिग्रॅम मलम असते आणि माझ्या चार ठिपक्यांना त्याचा चतुर्थांशही लागत नसे. उरलेले टाकून देणे जिवावर येई, म्हणून मी पुडीला चिमटा लावून ठेवू लागलो. डॉक्टरांनी त्याबद्दल चांगलेच फैलावर घेतले. मलम 25 अंशांच्या आत ठेवायचे असल्यामुळे एप्रिल-मेच्या उकाड्यात पुड्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी राहिल्या.

पहिले तीन आठवडे काहीही घडले नाही. पाचव्या आठवड्यात मात्र जागा लालबुंद झाली, खाज सुटली, खपली धरली आणि रात्री झोप लागेना. डॉक्टरांना विचारून मी आठवडाभर थांबलो. ती लाली म्हणजे औषध लागू पडल्याची खूण असू शकते, हे आधी नीट समजले नसते तर मी मलम तेव्हाच सोडून दिले असते. अकराव्या आठवड्यापर्यंत पाठीवरच्या तिन्ही चामखिळी गळून गेल्या. त्यानंतर गणपतीची चवथही होऊन गेली तरी त्या परतलेल्या नाहीत. एका जागी फिकट पांढरा डाग मात्र राहिला आहे.

नखाजवळची चामखीळ हटली नाही. तिथली कातडी इतकी जाड आणि निबर की मलम आत शिरत नसावे. मधल्या काळात सॅलिसिलिक ॲसिडने ती मऊ करून पाहिली, त्याने ती थोडी बसली, एवढेच. सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर मलम बंद केले, आणि तिला आता द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचे ठरले आहे.