निसर्गचित्राला बाहेर पडताना: जलरंगांची पेटी की टॅबलेट?

कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. इथले जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची कोटितीर्थ तलावाची चित्रं बघत आम्ही वाढलो, त्यामुळे निसर्गचित्र म्हणजे जलरंगच. मीही बारा-तेरा वर्षं पेटी घेऊनच हिंडलो. गेले तीन पावसाळे मात्र माझ्या पिशवीत टॅबलेट असतो. दोन्हींपैकी काय घ्यावं या विचारात असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आधी टॅबलेटची खरी अडचण सांगतो, ती म्हणजे ऊन. एप्रिलमधल्या एका सकाळी रंकाळा तलावावर संध्यामठ ही तिथली जुनी दगडी वास्तू काढायला बसलो. ब्राइटनेस पूर्ण वाढवला, तरी स्क्रीनवर माझाच चेहरा आणि मागचं आभाळ. सावलीतले टोन दिसेनात, म्हणून मी ते उजळ करत गेलो. घरी येऊन बघतो तर काळा दगड राखेसारखा पांढुरका झालेला. त्याच उन्हात जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ थर, फार लवकर वाळतो, कडा धरतो, हे खरं. पण कागदावर तिथं जे दिसतं, तेच घरी येतं. तुमचं बसणं मुख्यतः उन्हाळ्या-हिवाळ्यात असेल, तर पेटीच घ्या.

पण सह्याद्री रंगवावा तो पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हाच कागद दगा देतो. माझं मत बदललं ते पन्हाळ्यावर, ऑगस्टमध्ये. गडावरच्या सज्जा कोठी या इमारतीच्या आडोशाला बसून आभाळाचा पहिला वॉश टाकला. समोर दरीतून ढग वर चढत होता, त्यातून डोंगराची एकच निळसर धार दिसत होती. वॉश वाळला की ती धार घ्यायची, एवढंच काम. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बोटाची मागची बाजू टेकवून पाहिली, कागद गारच. चाळीस मिनिटांनी धीर सुटला आणि ब्रश टेकवला. निळा रंग आभाळात पसरून त्याचं फुलकोबीसारखं फूल झालं. मान वर केली तेव्हा धारही गेलेली होती. असं एकदा नाही, दर पावसाळ्यात व्हायचं.

टॅबलेटवर हे थांबणंच नाही. आभाळ एका लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या स्वतंत्र थरावर, धार दुसऱ्यावर, ढग हलायच्या आत. ढगाळ हवेत स्क्रीनही स्वच्छ दिसते, उन्हातली तक्रार उरत नाही. पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की भलत्याच रेषा उमटतात. त्यासाठी बोटाचा स्पर्श बंद करून फक्त पेनला रेघ ओढू द्यायची सेटिंग आधीच लावून ठेवावी, आणि एक जुनं सुती धोतराचं फडकं जवळ असावं.

‘हे खरं चित्र का?’ असं लोक विचारतात. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 2020 चा वसंत ऋतू फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आयपॅडवर रंगवला, त्याची 116 चित्रं झाली. माझ्यापुरता तो वाद तिथं मिटला.

कागदावर रंग आपसूक उतरतो, त्याची मजा टॅबलेटला नाही, हे मान्य. पेटी मी टाकलेली नाही. तरी जून ते सप्टेंबर बाहेर बसणार असाल, तर माझा कल टॅबलेटकडे आहे. विकत घेण्याआधी एखाद्या मित्राचा मागून घ्या आणि भर पावसात एक सकाळ पन्हाळ्यावर काढा. जाताना पेटीही न्या, म्हणजे तिथंच कळेल.