टारबरोमधील १९०८ सालचे घर : चौदा महिने राहून झाल्यावर

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील टारबरो या गावी आम्ही घेतलेल्या घरात राहायला येऊन या महिन्यात चौदा महिने झाले. राज्याची राजधानी रॅली हिच्याजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिलकडची मराठी मंडळी भेटली की 'तिकडे घरे खरोखरच इतकी स्वस्त मिळतात का?' हा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. घर दुमजली, लाकडी, सुमारे २,४०० चौरस फुटांचे आहे आणि ते आम्हाला १ लाख ६८ हजार डॉलरना मिळाले. कापूस, तंबाखू आणि सूतगिरण्या यांच्या जोरावर उभे राहिलेले हे गाव तो व्यवसाय ओसरल्यावर फारसे वाढले नाही. आजही वस्ती अकरा हजारांच्या आसपासच आहे. गाव वाढले नाही म्हणून जुनी घरे पाडण्याची निकड कोणाला भासली नाही, आणि किंमतही त्यामुळेच आवाक्यात राहिली.

घराच्या आधी जागा पाहावी लागते, आणि येथे जागा पाहणे म्हणजे टार नदी पाहणे. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाच्या पुरात नदीपलीकडचे प्रिन्सव्हिल जवळजवळ पूर्ण बुडाले, आणि २०१६ साली मॅथ्यू वादळाने त्याला पुन्हा तडाखा दिला. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेले आणि १८८५ साली रीतसर नगराचा दर्जा मिळालेले ते गाव सखल जमिनीवर आहे, कारण दुसऱ्या कोणाला नको असलेली जमीनच त्यांच्या वाट्याला आली. उंचावरची मोठी घरे या काठाला आणि पुराचे पाणी त्या काठाला, ही विभागणी पूररेषेचा नकाशा उघडताच दिसते आणि ती पाहून अस्वस्थ व्हायला होते. आमचे घर उंच भागात आहे. तरीही पुराचा विमा वेगळा घेतला, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही.

आमचा सर्वाधिक पैसा जेथे गेला, ती जागा पाहुण्यांना कधीच दिसत नाही. घर विटांच्या बुटक्या खांबांवर उभे असून जमीन आणि खालच्या तुळया यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची पोकळी आहे. तिला येथे क्रॉल स्पेस म्हणतात. उन्हाळ्यातील दमट हवा या पोकळीत शिरते, थंड लाकडावर तिचे दव होते, आणि ओल धरलेल्या लाकडाकडे वाळवी वळते. स्वयंपाकघराखालच्या मुख्य तुळईत तपासनिसाने पेचकस खुपसला, तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला. तुळई बदलणे, खांब सावरणे, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरणे आणि ओल शोषणारे यंत्र बसवणे, या सर्वांस १९ हजार डॉलर लागले.

खांबांची दुरुस्ती पूर्वी कोणीतरी सिमेंटने केली होती. जुनी वीट मऊ असते. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून तिच्यातील ओल बाहेर पडते. सांधे सिमेंटने बुजवले की ती ओल विटेतूनच वाट काढते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. फोनवर हे ऐकून वाईचे आमचे काका म्हणाले, "अरे, आपल्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तेव्हा हेच झालं, तुला सांगत नव्हतो का?" सांगत होते, हे खरे आहे.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. माळ्यावर चिनी मातीच्या गुंड्यांवरून ओढलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तारा अजून चालू होत्या, आणि त्या काढल्याशिवाय विमा देण्यास एका कंपनीने साफ नकार दिला. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता गृहीतच धरावी. घरात लहान मूल असेल तर रंग खरवडण्याचे काम प्रमाणित माणसाकडूनच करून घ्यावे.

खिडक्यांविषयी मात्र माझे मत पूर्ण बदलले. एकंदर एकतीस खिडक्या, निम्म्या रंगाने चिकटून बसलेल्या. खिडक्यांच्या विक्रेत्याने सगळ्या काढून प्लास्टिकच्या बसवा असे सुचवले. घर गावाच्या ऐतिहासिक भागात असल्याने बाहेरून दिसणाऱ्या बदलांना स्थानिक आयोगाची संमती लागते. घराच्या आत सहसा कोणी ढवळाढवळ करत नाही. (नुसत्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्याने खासगी मालकावर अशी बंधने येत नाहीत, पुष्कळ लोक येथे गल्लत करतात.) आधी मला या संमतीचा जाच वाटला. मग वर सरकणारी एक झडप उतरवली, तिला तोलून धरणारी दोरी आणि त्या दोरीच्या टोकाचे लोखंडी वजन बदलले, आणि खिडकी एका बोटाने वर सरकली. लाँगलीफ पाइन नावाच्या झाडाच्या गाभ्याचे ते लाकूड शतकानंतरही टणक आहे. आतापर्यंत अठरा खिडक्या मीच दुरुस्त केल्या आणि त्यांवर जादा काचेची तावदाने बसवली. तरीही जानेवारीत वरचा मजला थंडच असतो, आणि उष्णतेचे बिल कॅरीतल्या घराच्या दुपटीहून अधिक येते.

एक चूक आम्हाला महागात पडली. ऐतिहासिक घरात स्वतः राहणाऱ्याला नॉर्थ कॅरोलायना राज्य दुरुस्तीच्या खर्चावर १५ टक्के करसवलत देते. त्यासाठी किमान १० हजार डॉलर खर्च व्हावा लागतो आणि राज्याच्या जतन कार्यालयाची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. तुळई कोसळेल या धास्तीने आम्ही पायाचे काम आधी उरकले आणि अर्ज नंतर केला, त्यामुळे ते १९ हजार सवलतीत धरले गेले नाहीत. केंद्र सरकारची २० टक्क्यांची सवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना असते. ती आमच्यासारख्यांसाठी नाही.

भारतीय किराण्यासाठी दीड तास गाडी चालवून कॅरीला जावे लागते, याची सवय झाली. कुशल कारागिरांच्या तुटवड्याची मात्र अजून झालेली नाही. जिन्यावरचा चुन्याचा गिलावा लाकडी पट्ट्यांपासून सुटला आहे. ते काम जाणणारा एकच वृद्ध गवंडी आम्हाला सापडला. तो मार्चमध्ये येणार होता, नंतर जूनमध्ये, आणि आता नाताळानंतर येतो म्हणाला आहे. तोवर आम्ही जिना भिंतीच्या कडेने न चढता कठड्याच्या बाजूने चढतो.