मोटरहोममध्ये गॅसच्या फ्रिजऐवजी घरगुती फ्रिज: नाशिकच्या उन्हाळ्याचा हिशेब

परदेशी बनावटीच्या कॅरव्हॅनमध्ये बहुधा डोमेटिक किंवा थेटफोर्ड कंपनीचा ॲब्सॉर्प्शन फ्रिज येतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. गॅसचा बर्नर किंवा हीटर अमोनियाचं द्रावण तापवतो आणि त्या चक्रातून गारवा तयार होतो. आवाज जवळजवळ शून्य, थंड हवेच्या देशात उत्तम. पण बाहेरच्या तापमानापेक्षा तो आत साधारण २०-२५ अंशच खाली नेतो. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोहोचला की दूध १५ अंशांवर राहतं, म्हणजे दुपारपर्यंत नासतं. शिवाय गाडी सपाट जागीच लावावी लागते. गडाच्या वाटेवर उतारावर गाडी लावून तो चालू ठेवला की बॉयलरमधलं द्रावण अडतं, नळी जास्त तापते आणि असं वारंवार झालं तर युनिट कायमचं बाद होतं.

त्याच्या जागी १८०-१९० लिटरचा, एक दाराचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला साधा डायरेक्ट कूल फ्रिज बसवणं या भागात नक्की फायद्याचं आहे. फ्रॉस्ट फ्री घेऊ नका. त्याचा बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधून शे-दोनशे वॉट ओढतो. खाली कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर असलेलं मॉडेलही नको. उंची वाढते आणि फ्रिज घट्ट बांधायला तळ मिळत नाही. रुंदी मात्र आधी मोजा. जुन्या फ्रिजचा खण बऱ्याचदा ५२-५३ सेंटिमीटरचा असतो आणि आपल्याकडचे एक दाराचे फ्रिज तेवढेच किंवा किंचित जास्त रुंद असतात. बाजूला हवेची जागा हवी म्हणजे एका बाजूची फळी कापावीच लागते. गाडीच्या दारातून फ्रिज आत जातो का, हेही दुकानातच टेप लावून पाहावं.

खरा प्रश्न विजेचा. लेबलवर वर्षाला १५० युनिट लिहिलं असेल तर दिवसाला सुमारे ४१० वॉट-तास होतात. तापलेल्या गाडीत दीडपट धरा, म्हणजे ६१५. इथपर्यंत सगळेच हिशेब करतात. सुटतो तो बॅटरीची १२ व्होल्टची वीज घरगुती २३० व्होल्टची करणाऱ्या इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. नुसता चालू राहायला तो १५ वॉट घेत असेल तर चोवीस तासांत ३६० वॉट-तास गेले, फ्रिजच्या निम्म्याहून जास्त. रूपांतराची घट धरून रोजचा आकडा हजाराच्या वर जातो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत एकूण १२८० वॉट-तास असतात, म्हणजे ती जेमतेम दिवस काढते. २०० अँपिअर-तास हा किमान आकडा समजा. म्हणून इन्व्हर्टर घेताना किती वॉटचा यापेक्षा रिकामा चालताना किती खातो, हे आधी विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं साधन) लावून दाखवायला सांगा.

घरी दिवे-पंख्यांसाठी वापरतात तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर इथे चालणार नाही. कॉम्प्रेसर गुणगुणतो, तापतो आणि त्याचं कंट्रोल कार्ड जळू शकतं. घरच्या विजेसारखी लहर देणारा, म्हणजे प्युअर साइन वेव्ह, १००० वॉटचा पुरतो. बॅटरीपासून दीड मीटरच्या आत ठेवा, २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच १२५ अँपिअरचा फ्यूज टाका. केबल बारीक पडली की कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि दोष मात्र फ्रिजला दिला जातो.

गॅसची लाइन काढताना सिलिंडर बंद करून उरलेला गॅस जाळून टाका. फ्रिजकडे जाणारी फांदी जिथून निघते तिथे पितळी टोपण घट्ट बसवा आणि साबणाच्या पाण्याने तपासा. रबरी नळी दुमडून क्लिप लावणं हा उपाय नव्हे. जुन्या फ्रिजमागच्या, गाडीच्या बाहेरच्या अंगाच्या जाळ्या सरसकट बुजवू नका. कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची) उष्णता बाहेर जायला वाट हवीच. खालच्या जाळीला बारीक मच्छरजाळी लावा, वर १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा बसवा. फ्रिजच्या पुढच्या कडेभोवती फोमची पट्टी लावली की धूळ आणि गरम हवा गाडीत शिरत नाही.

फ्रिजच्या अंगावर कुठेही ड्रिल चालवू नका. अनेक मॉडेलांत गरम नळ्या बाजूच्या पत्र्याला चिकटून असतात आणि आत आर-६००ए म्हणजे ज्वलनशील आयसोब्युटेन असतो. पाय काढून त्याच भोकांतून बोल्टने लोखंडी अँगलवर बसवा, वरून रबर लावलेली पट्टी आवळा. दार चुंबकावर सोडलं तर कसारा घाटाच्या वळणांवर उघडणारच. लाकडी चौकटीवर फिरती खिटी बसवा. दाराला चिकटवायचे लहान मुलांचे लॉक उन्हात सुटतात. मागच्या ट्रेमधलं पाणी घाटात सांडतं, म्हणून निघण्याआधी ट्रे रिकामा करून त्यात स्पंज ठेवा.

४०० वॉटची सोलर पॅनेल उन्हाळ्यात हा भार पेलतात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, त्र्यंबककडे ढगांत मुक्काम असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. गाडी चालताना इंजिनच्या विजेवर ही बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला तर गाडी तीन तास चालली की दिवसाचा खर्च भरून निघतो. पावसाळ्यात एकाच जागी चार-पाच दिवस गाडी उभी ठेवणाऱ्यांनी मात्र जुना गॅसचा फ्रिजच ठेवावा, किंवा जास्त पैसे मोजून थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यावा. त्यात इन्व्हर्टरचा रिकामा खर्चच नाही. घरगुती फ्रिजची वॉरंटी गाडीतल्या वापराला लागू होईल असं धरून चालू नका.

काढलेलं जुनं युनिट भंगारवाल्याला द्यायचं असेल तर अखंड द्या आणि कापू नका असं बजावून सांगा. नळ्यांत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन असतो, गंज रोखण्यासाठी विषारी क्रोमेटही असतं. मागे पिवळी पूड दिसली तर गळती झालेली आहे. तिला उघड्या हातांनी शिवू नका.