डिस्क वेगळी, जोडणी वेगळी: ओव्हर्टचा चौथ्या आवृत्तीचा एपीआय काही महिने वापरल्यावर

व्हर्च्युअल मशीनची (व्हीएमची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) डिस्क त्या मशीनच्याच मालकीची, असं धरून लिहिलेल्या स्क्रिप्ट्स बहुतेक ठिकाणी सापडतात. ओव्हर्ट ही व्हीएम सांभाळणारी प्रणाली; स्क्रिप्ट तिच्याशी एपीआयमधून बोलते. तिच्या जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये ते खपून जायचं. व्हीएमखाली डिस्क्सची यादी, आणि आकार, फॉरमॅट, इंटरफेस (डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली), बूटेबल (तिच्यावरून मशीन सुरू होते का) सगळं एकाच नोंदीत. ओव्हर्ट ४.० सोबत आलेल्या चौथ्या आवृत्तीने याचे दोन भाग केले. आकार, फॉरमॅट आणि शेअरेबल (एकाहून जास्त व्हीएमना जोडता येते का) हे डिस्ककडे राहिलं. इंटरफेस, बूटेबल, अ‍ॅक्टिव्ह हे व्हीएमखालच्या डिस्क अटॅचमेंटकडे, म्हणजे जोडणीच्या नोंदीकडे गेलं.

सुरुवातीला वैताग येतो, कारण एका माहितीसाठी दोन कॉल. (४.२ पासून फॉलो पॅरामीटर आहे, तो लावला की डिस्क सोबतच येते.) पण एकत्र काम करणाऱ्या दोन व्हीएमच्या क्लस्टरला एकच डिस्क जोडली की विभागणी पटते. एका व्हीएमला ती व्हर्टआयओ या इंटरफेसने, दुसऱ्याला व्हर्टआयओ-स्कझीने जोडता येते. व्हीएमच्या आत मग तीच डिस्क एकीकडे व्हीडीबी नावाने दिसते, दुसरीकडे एसडीबी. यातलं डिस्कचं खरं नाव कोणतं? दोन्ही नाही. म्हणून लॉजिकल नेम (व्हीएमच्या आत दिसणारं हे नाव) सुद्धा अटॅचमेंटवरच आहे.

सगळ्यात मोठा फायदा साठवणीच्या हिशोबात. व्हीएमवार बेरीज केली तर शेअर केलेली डिस्क दोनदा मोजली जाते आणि सुटी (कोणत्याच व्हीएमला न जोडलेली) डिस्क मोजलीच जात नाही. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या, त्यामुळे एकूण आकडा पटण्यासारखा दिसतो आणि कुणी खोलात जात नाही. बेरीज वरच्या पातळीवरच्या डिस्क्सच्या यादीवरच करावी.

सुट्या डिस्क शोधताना मात्र सांभाळून. सगळ्या व्हीएमच्या अटॅचमेंट्स वजा केल्यावर उरलेलं सगळं बेवारस नसतं. त्यात टेम्प्लेटच्या (नव्या व्हीएमच्या साच्याच्या) डिस्क असतात, डेटा डोमेन या साठवणीच्या जागेवर चढवलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या सीडीच्या प्रती) असतात, आणि ओव्हीएफ-स्टोअरही असतात, ज्यांत प्रणाली व्हीएमची व्याख्या जपून ठेवते. साफसफाईची स्क्रिप्ट चालवण्याआधी कंटेंट टाइप (डिस्कमध्ये काय आहे हे सांगणारी नोंद) बघाच.

डिलीटबद्दल माझी तक्रार आहे. अटॅचमेंट काढताना डिटॅच-ओन्ली मुळातच खरं धरलं जातं, म्हणजे डिस्क वाचते. व्हीएम काढताना त्याच नावाचं पॅरामीटर मुळात खोटं, म्हणजे डिस्कही जाते. एकाच शब्दाला दोन उलट डीफॉल्ट! मी दोन्हीकडे ते स्पष्ट लिहूनच पाठवतो.

सिंडर (ओपनस्टॅकची साठवण सेवा) आणि ईसीटूमध्ये (अ‍ॅमेझॉनची व्हीएम सेवा) एक सोय जास्त आवडते: व्हॉल्यूमच्या (तिथल्या डिस्कच्या) उत्तरातच अटॅचमेंट्सची यादी असते, सुटं असेल तर रिकामी. कुठे काय जोडलंय हे डिस्कच्या बाजूनेही लगेच कळतं. ईसीटूमध्ये तर इन्स्टन्ससोबत (तिथल्या व्हीएमसोबत) व्हॉल्यूम नष्ट करायचं का, हेही जोडणीवरच ठरतं.

शेअरेबलचा ध्वज फक्त परवानगी देतो, एवढं नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दोन मशीनवरून एकाच वेळी एक्सएफएस किंवा एक्सटी४ सारखी साधी फाइल सिस्टम माउंट केली तर डेटा बिघडणारच. तिथे जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टरसाठीची फाइल सिस्टम लागते. शिवाय अशी डिस्क रॉ फॉरमॅटमध्येच असावी लागते आणि व्हीएमच्या स्नॅपशॉटमध्ये (त्या क्षणाच्या जपलेल्या स्थितीत) ती येत नाही. स्नॅपशॉट यशस्वी झाल्याचं उत्तर तरीही येतं, त्यामुळे बॅकअपमध्ये कोणत्या डिस्क आल्या हे आयडीवरून स्वतंत्रपणे तपासावं लागतं.