ओला कचरा गाडीत द्यावा की आवारातच जिरवावा?

इंदूरमधल्या बऱ्याच रहवासी संघांच्या बैठकीत हा विषय निघतो आणि दरवेळी पुढच्या बैठकीवर जातो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद वसाहतींवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. मोठ्या टाउनशिपला हा प्रश्न टाळता येत नाही. लहान सोसायटीला मात्र निवड आहे.

आधी निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, गाडीबद्दल. अनेक शहरांत गाडीत टाकलेला कचरा शेवटी कचऱ्याच्या डोंगरावरच जातो. आपल्याकडे तसं राहिलेलं नाही. इंदूरच्या देवगुराड्याला 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या गोबरधन प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यातून दिवसाला सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी आणि 100 टन खत मिळावं, अशी त्याची आखणी आहे. हा गॅस शहरातल्या बसना जातो. तेव्हा गाडीत देणं म्हणजे जबाबदारी झटकणं, असं मी अजिबात मानत नाही.

अट एकच, आणि ती कडक आहे: ओल्या कचऱ्यात दुसरं काही मिसळलेलं नको. तिथे कचरा दळून त्याचा रबडा करतात आणि बंद टाक्यांत हवेशिवाय कुजवतात. प्लास्टिक कुजत नाही, ते यंत्रात अडकतं. आपल्या हिरव्या डब्यात काय सापडतं, ते एकदा बघा. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, निर्माल्यातला हाराचा दोरा. मोठं प्लास्टिक लोक हल्ली आपणहून वेगळं काढतात. राहतं ते हे बारीकसारीक.

आवारात खत करायचं तर काम वाढतं, पण बागेला आपलं खत मिळतं. यात खर्चापेक्षा महत्त्वाचा आहे तो सुका पाला. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा तेवढाच जाड थर हवा, नाहीतर ढीग चिकट होतो, वास सुटतो, अळ्या पडतात आणि तळमजल्यावरच्या लोकांच्या तक्रारी सुरू होतात. पाला गळतो फाल्गुन-चैत्रात, आणि त्याची खरी गरज लागते पावसाळ्यात. म्हणून तो तेव्हाच पोत्यांत भरून छपराखाली ठेवावा लागतो. जाळणं तर सोडाच, बाहेरही देऊ नये. ढीग आठवड्यातून एकदा वरखाली करायचा. मूठभर घेऊन दाबला की हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. माळव्यातल्या उन्हाळ्यात वरून पाणी शिंपडावं लागतं. हे सगळं जमलं तर ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापतो आणि दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारं खत तयार होतं. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी तेवढ्या तशाच राहतात, त्या चाळून काढायच्या.

विजेच्या यंत्राबद्दल थोडक्यात: विक्रेते चोवीस तासांत खत म्हणतात, पण त्यातलं बरंचसं नुसतं वाळवलेलं आणि बारीक केलेलं अन्न असतं. ओल लागली की ते पुन्हा कुजायला लागतं, त्यामुळे पुढे काही आठवडे मुरवावंच लागतं. वर विजेचं बिल. लग्नाच्या हॉलला एकवेळ ठीक, सोसायटीने यात पैसे घालू नयेत.

माझं मत असं. बाग नसेल, माळी नसेल, तर गाडीच बरी. सगळी ताकद डबे स्वच्छ ठेवण्यावर लावा. बाग मोठी आणि माळी कायमचा असेल, तर एका विंगपासून खत सुरू करा, तेही दिवाळीनंतर, म्हणजे पाऊस येईपर्यंत हात बसलेला असेल. बाकीच्या विंगचा कचरा गाडीतच जाऊ द्या.

कचरा वेगळा करण्याची सक्ती दोन्ही मार्गांत लागते, पण ती क्रमाने आणा. शहरातसुद्धा आधी स्वयंसेवी संस्थांची माणसं दारोदारी समजावत फिरली. सोसायटीतही पहिले काही आठवडे कुणीतरी सकाळी डब्यांपाशी उभं राहून दाखवायला हवं, त्यानंतर मिसळलेला डबा परत पाठवायचा आणि मगच दंडाचा ठराव घ्यायचा. आणि खताचा निर्णय झालाच, तर माळी सुटीवर असताना ढीग कोण पलटणार, त्याचं नाव त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.