एचएएल म्युझियम, बंगळुरू: विमानवेड्यांनी अजिबात चुकवू नये

बंगळुरूला कोणी निघालं की मी सांगते, लालबाग वगैरे नंतर बघा, आधी ओल्ड एअरपोर्ट रोडवरचं एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचं म्युझियम करा. 2001 साली सुरू झालंय, फार मोठं नाहीये, दोन हॉल आणि बाहेर मोकळ्यावर उभी केलेली विमानं, बस. पण विमानांचा धंदा याच शहरात एवढा का रुजला ते इथे फिरताना आपोआप कळत जातं.

पहिल्या हॉलमध्ये 1940 पासूनचे फोटो आहेत, लोक ते बघत बघत पुढे पळतात, तसं करू नका. सुरुवातच आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून आहे! डिसेंबर 1940 मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली, तीच पुढे एचएएल झाली, दुसरं महायुद्ध चालू होतं, 1942 ला इंग्रज सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि मग अमेरिकन विमानं इथे रिपेअरला यायला लागली. त्या कामावर हजारो कामगारांचा हात बसला, आणि मला विचाराल तर बंगळुरूची खरी कमाई तीच. त्याच सुमारास बंगळुरूच्याच आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) एरोनॉटिक्सचा, म्हणजे विमानशास्त्राचा विभाग उघडला, तिथे विष्णू माधव घाटगे होते, आपला मराठी माणूस, जर्मनीत गोटिंगेनला प्रांटल या हवेच्या प्रवाहावर काम करणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएचडी केलेला. म्हणजे शिकवणारे आणि बनवणारे एकाच गावात. पुढे घाटगेंच्याच हाताखाली एचटी-2 तयार झालं, 1951 ला उडालं, भारतात डिझाइन करून बनवलेलं ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान. ते इथे आहे, नीट बघा, शेपटीखाली छोटं चाक असल्यामुळे नाक वर करून उभं असतं.

पण माझा जीव मारुतवर. एचएएलनेच बनवलेलं, कुर्ट टँक या जर्मन डिझायनरचं लढाऊ विमान, 1961 ला पहिल्यांदा उडालं. बाजूने उभं राहून बघा, पंख जिथे जोडलेत तिथे बॉडी कंबरेसारखी आत गेलीये, आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ते तसं केलंय. इतकं देखणं डिझाइन आणि त्याला हवं होतं तेवढ्या ताकदीचं इंजिन काही शेवटपर्यंत मिळालं नाही, फार वाईट वाटतं.

म्हणूनच दुसऱ्या हॉलमध्ये, इंजिनांच्या, जास्त वेळ काढा. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या पात्यांच्या रांगा मागे मागे लहान होत जातात ते इतक्या जवळून बघायला मिळतं, माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो तिथून हलायलाच तयार नव्हता. आणि तेजस या आपल्या लढाऊ विमानात आजही अमेरिकन जीई कंपनीचं इंजिन बसतं हे माहीत असलं की हा हॉल वेगळाच दिसतो. बाकी सगळं या शहराकडे आहे, विमानांवर संशोधन करणारी एनएएल आहे, इस्रो आहे, पीन्या या कारखान्यांच्या भागात बारीक मशिनिंग करणारे वर्कशॉप आहेत, डोळे मिटून विश्वास ठेवावा असं काम करतात. इंजिन तेवढं जमायला हवं, आणि जमेल असं मला मनापासून वाटतं.

मिग-21 समोर नाशिककरांनी फोटो काढाच, ही विमानं आपल्या ओझरला बनायची. बेळगावच्या कॉलेजांनी तर पोरांची ट्रिप आणायलाच पाहिजे, तिथल्या एकस (Aequs) कंपनीच्या कारखान्यांतून एअरबस-बोइंगचे पार्ट जातात, पोरांना उद्या नोकरी घराजवळच मिळू शकते.

बाहेरची विमानं उन्हात आहेत त्यामुळे सकाळीच जा, टोपी-पाणी घ्या, आणि मराठहळ्ळीकडून येणार असाल तर ट्रॅफिकसाठी चांगला तासभर हाताशी ठेवा. पाचपैकी पाच.